जरा बसून ऐकूया

‘तुला बाई वाचायला वेळ तरी कसा मिळतो?’ हा प्रश्न कधीच ऐकला नाही अशी वाचणारी बाई शोधून सापडायची नाही. या प्रश्नात कौतुक दोन आणे आणि चौकशी चौदा आणे असते. घरातलं सगळं आवरून वाचतेस ना, की तसंच टाकून? पुरुषाच्या हातात पुस्तक दिसलं की तो वाचत असतो. बाईच्या हातात दिसलं की ती ‘नुसती बसलेली’ असते. मग कुणाला तरी चहा हवा असतो, कुणाचा तरी मोजा सापडत नसतो.

त्यामुळे मोबाइलवर ऑडिओबुक्स आली तेव्हा आपल्यापैकी कितीजणींना हायसं वाटलं असेल! 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, त्यात मराठी पुस्तकंही होती. आता कानात इअरफोन घालायचा, पोळ्या लाटायच्या, भाजी निवडायची, लोकलमध्ये लोंबकळायचं आणि कादंबरी ऐकायची. हात चालू असतात, म्हणून कुणी हटकत नाही. साधारण दोनशे पानांची कादंबरी सहा-सात तासांत ऐकून होते. माझ्या हिशेबाने आठवडाभराच्या पोळ्या आणि डब्यांची तयारी!

गेल्या काही महिन्यांत मी पाच कादंबऱ्या वाचल्या-ऐकल्या. काही नव्याने, काही पुन्हा. त्यातून कुठली कादंबरी कानाची आणि कुठली डोळ्यांची, याचा एक अंदाज आला. तो तुम्हाला सांगावासा वाटतोय.

कानाला सगळ्यात गोड लागली ती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. 2004 ची ही कादंबरी, काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच आपल्याशी बोलतोय. शिरोडकर, मित्र, मास्तर, घरची बोलणी, सगळं त्याच्याच भाषेत. कुणीतरी समोर बसून गप्पा मारतंय असं वाटतं. अशा पुस्तकाला वाचणाऱ्याने फार अभिनय केला की मजा जाते. साधं, थोडं मिश्कील वाचलं की पुरे. लोकलमध्ये मी एकटीच हसत होते तेव्हा समोरच्या बाईने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या इअरफोनकडे पाहिलं आणि तीही हसली.

दुसरी ऐकली ती प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’. हिमालयातल्या उभ्या कड्यातून रस्ता खोदणारी माणसं आणि त्यांच्यात नव्याने आलेला इंजिनीअर विश्वनाथ. मजुरांचे जीव वाचावेत म्हणून वरिष्ठांचा हुकूम मोडायचा की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. ‘बायकांना काय त्या रस्त्याबिस्त्यात रस?’ असं म्हणणाऱ्याने ही जरूर ऐकावी. ‘वरून आलंय तसंच करा’ हे वाक्य ऑफिसात आणि घरातही आपण रोज ऐकतोच की. यात घटनेमागून घटना येते, त्यामुळे कान सुटत नाही. भांडी घासायची संपली तरी मी नळ बंद करून ओट्यापाशीच उभी होते.

पण ‘बनगरवाडी’चं तसं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची कादंबरी अंगाने एवढीशी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेला कोवळा मास्तर आणि ती वाडी. माडगूळकर आवाज चढवतच नाहीत. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर जू घेते, हे ते इतक्या साधेपणाने सांगून जातात की नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली तर तो प्रसंग हातातून गेलाच. मोठ्या आवाजातलं दुःख स्वयंपाकघरातही ऐकू येतं. हे असलं हळू आवाजातलं नाही येत. ही कादंबरी मी कागदावर वाचली. शेवटी दुष्काळात वाडी उठते, ती पानं वाचून पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले.

कविता महाजन यांची ‘ब्र’सुद्धा मी डोळ्यांसाठीच राखून ठेवली. 2005 मध्ये आलेली ही कादंबरी. घरातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागातल्या सरपंच आणि पंच बायकांना भेटत हिंडते. 1993 मध्ये घटनेत दुरुस्ती झाली आणि गावच्या पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. 2011 मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. कायद्याने खुर्ची मिळाली, पण तिथे बसलेल्या बाईला ‘ब्र’ काढू देतात का, हे या कादंबरीत कळतं. एकेका बाईची हकिगत वाचून मी थांबत होते, चार पानं मागे जात होते. ऐकताना आवाज आपल्यासाठी थांबत नाही. बटण असतं म्हणा, पण कणकेच्या हातांनी बटण कोण दाबणार?

आता पाचवी. तिचं सगळं श्रेय आमच्या सासूबाईंचं. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. म्हणजे दारातून कोण आलं ते कळतं, पण ओळीतलं अक्षर नाही. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणाऱ्या बाईचं काय होत असेल, विचार करा. त्यांना मोबाइलवर पुस्तकं लावून दिली. ती त्या ऐकतात, पण एक दिवस म्हणाल्या, ‘‘हा माणूस बरा वाचतो गं, पण मी काही बोलले तर त्याला ऐकू कुठे येतं?’’

मग मी आणि लेकीने पाळी लावली. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यांनीच निवडली, हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली ही कादंबरी म्हणजे यमूने स्वतः सांगितलेली आपली कहाणी. लेकीला आधी ती भाषा जड गेली. ‘‘आजी, ही किती फिरून फिरून बोलते!’’ आजी म्हणाली, ‘‘अगं, तिला कोणी बोलू दिलंय का आजवर?’’

पहिल्याच आठवड्यात मी वाचन ऐकता ऐकता गवार मोडायला घेतली. सासूबाईंना कटकट आवाजावरून कळलं. ‘‘ठेव ती गवार. श्रावणात कहाणी ऐकताना हातात अक्षता का देतात माहीत आहे? हात दुसऱ्या कामाला लागू नयेत म्हणून.’’ हे कारण शास्त्रात आहे की त्यांनी तिथल्या तिथे तयार केलं, देव जाणे. पण मला ते पटलं. आपल्या आज्या-पणज्या कहाणी, कीर्तन, पोथी ऐकायला बसायच्या. तेवढा वेळ तरी त्यांना कामाला उठवायची कुणाची छाती नव्हती, कारण तो देवाचा वेळ होता.

नवरा गेल्यावर यमूचं बळजबरीने केशवपन होतं, तो भाग आला त्या रात्री लेक वाचत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘थांब जरा.’’ आणि मग त्यांनी वडिलांच्या आत्याबद्दल सांगितलं. लाल आलवणातली, माजघरात बसणारी. लहानपणी या तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि ‘टोचतं’ म्हणून हसायच्या. ती पण हसायची म्हणे. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या आत्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. सासूबाईंच्या मुलालाही ठाऊक नव्हत्या. लेक पुस्तकात बोट ठेवून गप्प बसली होती. त्या रात्री पुढे वाचन झालंच नाही.

तेव्हापासून मनात घोळतंय ते एवढंच. ऑडिओबुकने आपल्याला पुस्तक परत दिलं, हे खरंच. नोकरी-घर करणाऱ्या कितीजणींचं वाचन त्याच्यामुळे जिवंत आहे. पण ते मिळालं ते काम न थांबवण्याच्या बोलीवर. वाचायला वेळ नव्हता तो अजूनही नाहीच, फक्त आता त्याची तक्रार करायचीही सोय राहिली नाही. उलट वेग दीडपट करून आपण कामं आणि कादंबऱ्या दोन्ही भराभर उरकतोय! यमूला नवऱ्याने कौतुकाने वाचायला शिकवलं, तेव्हा घरच्यांचा कपाळशूळ उठला होता. आज आपल्याला कुणी नको म्हणत नाही. पण बाई पुस्तक घेऊन स्वस्थ बसलेली बघायची सवय अजून पुष्कळ घरांना नाही. ती सवय आपण बसल्याशिवाय लागणार कशी?

तेव्हा मैत्रिणींनो, ‘शाळा’ लोकलमध्ये ऐका, ‘रारंग ढांग’ भांडी घासताना ऐका. पण आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हात मोकळे ठेवून बसा. पुस्तक हातात घ्या, नाहीतर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, नाहीतर कुणाकडून तरी वाचून घ्या. त्या अर्ध्या तासात कुणी चहा मागितला, तर गॅस कुठे आहे ते त्यांना चांगलं माहीत असतं!