सोडियम-आयन बॅटरीचे जलद चार्जिंग : कॅथोड पदार्थांतील सुधारणांचा विचार

प्रस्तावना :
लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि विद्युत साठवणुकीच्या क्षेत्रात तिने प्रमुख स्थान मिळविले. मात्र लिथियमचे उत्पादन मोजक्या देशांत एकवटले आहे. याउलट सोडियम हे भूकवचात वजनाने सुमारे अडीच टक्के असलेले, समुद्रातही विपुल आढळणारे मूलद्रव्य होय. त्यामुळे सोडियम-आयन बॅटरीकडे स्वस्त पर्याय म्हणून पाहिले जाते. ही बॅटरी काही मिनिटांत चार्ज व्हावयाची असेल, तर तिच्या कॅथोड पदार्थात कोणते बदल आवश्यक ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :
चार्जिंगच्या वेळी सोडियमचे आयन कॅथोडच्या स्फटिकातून बाहेर पडून इलेक्ट्रोलाइटमार्गे अ‍ॅनोडकडे जातात. तेवढेच इलेक्ट्रॉन बाह्य मंडलातून जातात. या दोहोंपैकी एकाचाही प्रवास मंदावला, तर चार्जिंगही मंदावते. सोडियम आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, तर लिथियम आयनाची ०.७६ अँगस्ट्रॉम आहे. या मोठ्या आयनाच्या ये-जा करण्याने स्फटिकजालावर अधिक ताण पडतो. स्तरित ऑक्साइडांची धारिता चांगली असली, तरी बहुतांश सोडियम काढून घेतल्यास त्यांचे थर सरकतात व कणांना तडे जातात.

नॅसिकॉन रचना :
या दृष्टीने सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट हा पदार्थ महत्त्वाचा आहे. त्याची रचना नॅसिकॉन प्रकारची असून या प्रकारच्या आयनवाहकांचा अभ्यास गुडइनफ व हाँग यांनी १९७६ मध्ये मांडला. व्हॅनेडियमचे अष्टफलक व फॉस्फेटचे चतुष्फलक कोपऱ्यांत जोडले जाऊन भक्कम त्रिमितीय चौकट तयार होते आणि तिच्यातील बोगद्यांतून आयन सहज फिरतात. सूत्रातील तीन सोडियमपैकी दोन सुमारे ३.४ व्होल्टला बाहेर काढता येतात. सैद्धांतिक धारिता ग्रॅममागे सुमारे ११७ मिलिअँपिअर-तास आहे. दोष एवढाच की, व्हॅनेडियमच्या अष्टफलकांमध्ये फॉस्फेट येत असल्याने इलेक्ट्रॉनांचे वहन अत्यल्प होते.

सुधारणेचे मार्ग :
१) कार्बनचे आवरण : अभिक्रियेच्या मिश्रणात सायट्रिक आम्ल किंवा साखर मिसळून ते निष्क्रिय वायूत तापविल्यास कणांवर कार्बनचा पातळ थर बसतो. तो इलेक्ट्रॉनांना वाट देतो व कणांची वाढही रोखतो. थर जाड झाल्यास मात्र निरुपयोगी वजन वाढते.
२) कणांचा आकार : विसरणास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण एक मायक्रॉनवरून १०० नॅनोमीटरवर आणल्यास हा वेळ शंभरपटीने घटतो. परंतु पृष्ठफळ वाढल्याने अनिष्ट अभिक्रिया वाढतात.
३) मूलद्रव्यांची अदलाबदल : निम्म्या व्हॅनेडियमच्या जागी मँगनीज घातल्यास खर्च कमी होतो व काही अंशी व्होल्टताही वाढते. तथापि त्रिसंयुजी मँगनीज आपल्या भोवतालची रचना विकृत करते.

भारतीय प्रयत्न :
पुण्यातील केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान सादर केले. त्यात पुण्याच्या आयसर या संस्थेचा सहभाग होता. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने २०२५ मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारी बॅटरी विकसित केल्याचे जाहीर झाले. तेथे अ‍ॅनोडसाठी नॅसिकॉन रचनाच वापरली असून सूक्ष्म कण, कार्बनचे आवरण व अ‍ॅल्युमिनियमची भर हे वरील तीनही मार्ग अवलंबिले आहेत.

समारोप :
सोडियम स्वस्त म्हणून निवडावे आणि वेगासाठी महाग व्हॅनेडियमवर विसंबावे, हा या संशोधनातील मूळ पेच होय. शिवाय प्रयोगशाळेतील नाण्याएवढ्या सेलमध्ये पदार्थाचा थर पातळ असतो. व्यावहारिक बॅटरीच्या जाड थरात तोच वेग मिळेलच असे नाही. म्हणून कॅथोडविषयीचा कोणताही दावा तपासताना चार्जिंगच्या वेळेबरोबरच थराची जाडी, कार्बनचे प्रमाण व आवर्तनांची संख्या या बाबी पाहणे अगत्याचे ठरते.