पाण्यात दगड हलका होतो

तीन किलोचा काळा बेसाल्ट टेबलावर ठेवला तर तो सहजी हलत नाही. तोच दगड माशांच्या टँकमध्ये सोडला की त्याचं वजन जेमतेम दोन किलो भरतं. बेसाल्टची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट आहे, त्यामुळे बुडालेल्या दगडाचा तिसरा हिस्सा भार पाणीच उचलून धरतं. बाहेर भक्कम वाटलेली रचना पाणी भरल्यावर डगमगते ती यामुळेच. ओढ्यातला मासा ढासळणाऱ्या दरडीपासून दूर पळू शकतो. दोन फुटी काचपेटीतला मासा जाणार कुठे? म्हणून आतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी राहील हे बघणं पूर्णपणे आपलं काम.

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत टँकच्या सामानाबरोबर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘हे आत चिकटवायचं कशाने?’ मला वाटतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी वस्तूचं वजन आणि बैठक बघावी, मग ती कशाला तरी बांधता येते का ते पाहावं, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच गोंदाकडे वळावं.

दगडांचं बघा. बहुतेक जण आधी रेती पसरतात आणि तिच्यावर दगड रचतात. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारख्या सिक्लिड कुळातल्या माशांना तोंडाने रेती उपसायची उपजत सवय असते. चार दिवसांत दगडाखालची रेती निघते, दगड कलंडतो आणि काचेवर आदळतो. म्हणून मोठा दगड आधी तळावर बसवावा, खाली थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ तुकडा द्यावा म्हणजे दगडाचं टोक काचेवर एकाच बिंदूत दाबलं जाणार नाही, आणि मग सभोवती रेती ओतावी. दगडावर दगड रचायचा असेल तर कोरडा रचून हाताने हलवून बघावा. संगमरवर किंवा चुनखडीचे दगड टाळलेले बरे, त्यांनी पाण्याचा जडपणा वाढतो. शंका असेल तर दगडावर व्हिनेगर टाकावं. फेस आला तर त्यात चुना आहे.

लाकडाची तऱ्हा उलटी. नवं ड्रिफ्टवुड तरंगतं, कारण त्याच्या पेशींत हवा भरलेली असते. ते उकळलं आणि आठवडा-दोन आठवडे भिजत ठेवलं की पाणी आत शिरतं आणि लाकूड बुडू लागतं. शिवाय पाण्याला चहासारखा रंग देणारं टॅनिनही बरंचसं निघून जातं. एवढी वाट पाहवत नसेल तर ते स्लेटच्या किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्याला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने खालून जखडावं आणि फरशी रेतीत गाडावी. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, त्यामुळे मऊ पाण्यातले मासे असतील तर स्लेटच घ्यावी. तांब्या-पितळेची तार मात्र आत अजिबात नको. पाण्यात उतरलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतं.

आता गोंद. एकेकाळी टँकच्या काचा लोखंडी चौकटीत पुट्टीने बसवत. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं तो काळ चौकटीच्या टँकचाच. पुढे सिलिकॉन आलं आणि काचेला काच थेट जोडता येऊ लागली. आतल्या सजावटीसाठीही तेच भरवशाचं, पण नळी निवडताना डोळे उघडे ठेवावेत. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी रोखणारं रसायन मिसळलेलं असतं आणि ते माशांना घातक ठरतं. आपल्याला हवं ते शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीनाशक नसलेलं. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराला सुकताना व्हिनेगरचा वास येतो.

सिलिकॉनला घाई चालत नाही. हवेतल्या ओलाव्याने ते बाहेरून आत घट्ट होत जातं. वरची साय थोड्याच वेळात धरते, पण जाड थर आतून पक्का व्हायला दोन-दोन दिवसही लागतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम लवकर होतं, कोरड्या थंडीत रेंगाळतं. वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नये. काच आणि दगड दोन्ही कोरडे, तेलकटपणा पुसलेले हवेत. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही, तेव्हा आधीचं ब्लेडने खरवडूनच काढावं. ॲक्रिलिकच्या टँकला सिलिकॉनची पकड कच्चीच राहते. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात मऊ पडतो, त्याचा इथे उपयोग नाही.

झाडांसाठी मात्र वेगळा मार्ग. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड रेतीत पुरलं तर कुजतं. ते दगडाला किंवा लाकडाला बांधायचं असतं. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून गळून पडतो, तोवर मुळं पकड घेतात. दोरा नको असेल तर सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे इन्स्टंट ग्लूचा, जेल प्रकार वापरावा. ओलाव्यानेच तो घट्ट होतो, त्यामुळे झाड कोरडं करण्याची गरज नाही. एक-दोन थेंब पुरतात.

सगळ्यात जास्त काळजी मला हीटरची वाटते. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत तो लागतोच, आणि बहुतेक घरांत तो दोन रबरी सक्शन कपांवर टांगलेला असतो. हे कप उष्णतेने कडक होतात, काचेवर शेवाळाचा थर आला की सुटतात. सुटलेला हीटर रेतीत रुतला तर त्याची उष्णता एकाच जागी साठते आणि हीटरची काच तडकू शकते. मोठा मासा असेल तर हीटरला जाळीचं आवरण हवं. तो तळाजवळ आडवा लावला तर पाणी कमी झालं तरी उघडा पडत नाही. पाणी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तो बंद करून निवू द्यावा. कप दर महिन्याला दाबून बघावेत आणि कडक झालेले लगेच बदलावेत. सिलिकॉनचे कप जास्त टिकतात.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, आणि लोडशेडिंगच्या भागांत हे केव्हाही होऊ शकतं. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही.

फिल्टर आणि काच यांच्यातली फट हा दुर्लक्षित धोका. फट एकतर पूर्ण बुजवावी किंवा मासा आत शिरला तर आतल्या आत वळू शकेल इतकी रुंद ठेवावी. अर्धवट फटीत शिरलेल्या माशाला मागे सरकता येत नाही. पोकळ किल्ले आणि जहाजांचंही तसंच: आत अडकलेली हवा त्यांना वर उचलते, म्हणून वरच्या अंगाला भोक हवं आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात.

काही वस्तू मात्र मुद्दाम सुट्या ठेवाव्यात. माशांना लपायला ठेवलेलं कुंभाराकडचं छोटं मडकं, आडवी ठेवलेली करवंटी, भाजल्या मातीची साधी पणती या त्यातल्या. दिवाळीतल्या रंगवलेल्या पणत्या आत घालू नयेत, त्यांचा रंग पाण्यात उतरतो. सुट्या वस्तूंखाली उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा साचते, आणि तिथूनच पाण्यात अमोनिया वाढू लागतो. दर आठवड्याला पाणी बदलताना मडकं उचलावं, सायफनची नळी तिथे फिरवावी आणि मडकं पुन्हा होतं तिथेच, तोंड त्याच बाजूला करून ठेवावं, कारण मासे आपली लपायची जागा ओळखून असतात.