धोक्याच्या कारखान्यापासून किती मीटर?

९० आणि ०. धोकादायक प्रक्रियेचा कारखाना एखाद्या जागी उभा राहणार असेल, तर ती जागा योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीची तरतूद १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात कलम ४१-अ घालून करण्यात आली. शिफारशीसाठी समितीला ९० दिवस मिळाले. ही भोपाळनंतरची दुरुस्ती. त्याच कारखान्याच्या कुंपणाबाहेर काही वर्षांनी गाळे, मंगल कार्यालय किंवा प्लॉट पडणार असतील, तर अशी कोणतीही समिती बसत नाही. कारखान्याने लोकांजवळ येणे ही कायद्याच्या लेखी जोखीम आहे. लोकांनी कारखान्याजवळ जाणे हा मात्र फक्त जमीनवापराचा प्रश्न आहे. नियोजनाच्या नियमांत औद्योगिक पट्ट्यालगत मोकळी जागा सोडायला सांगितलेली असते, पण भिंतीपलीकडे कोणते रसायन किती टन आहे, यावर ती जागा ठरत नाही.

सोनगीर धुळ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची आहे, रसायनांची नाही. तरीही हा हिशेब इथे आत्ताच मांडायला हवा. याच रस्त्याने उत्तरेला नरडाण्याचे औद्योगिक क्षेत्र लागते, त्यापुढे शिरपूर. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हे गुंतवणूक क्षेत्र म्हणून दाखवले गेले. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग मंजूर केला: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानके, पूर्ततेचे लक्ष्य २०२८-२९. किलोमीटरमागे खर्च ५८ कोटींच्या वर जातो. एवढा पैसा ज्या पट्ट्यात उतरतो, तिथे कारखान्यासाठी आणि दुकानासाठी एकाच वेळी जमीन शोधली जाते.

खान्देशात जागेला तोटा नाही, असे नेहमी म्हटले जाते. सरासरी तसेच सांगते. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला २८५ होती आणि राज्याची ३६५, म्हणजे धुळे २२ टक्क्यांनी विरळ. पण दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १७.०८ लाखांवरून २०.५१ लाखांवर, म्हणजे २० टक्क्यांनी वाढली. ही वाढ डोंगरात आणि कोरडवाहू शिवारात सारखी पसरत नाही, ती रस्त्याकडे ओढली जाते. केंद्राच्या १९८५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उद्योग महामार्गापासून किमान अर्धा किलोमीटर आणि ३ लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या वाढीव हद्दीपासून २५ किलोमीटर दूर असावा. धुळे शहराची २०११ ची लोकसंख्या ३.७६ लाख आहे. त्या मोजपट्टीने सोनगीर २५ किलोमीटरच्या आतच पडते. शिवाय उद्योगाला महामार्ग हवाही असतो आणि सूचनेनुसार तो महामार्गापासून दूरही हवा. व्यवहारात यातली पहिली बाजू जिंकते.

या जिल्ह्याने किंमत मोजलेली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी इथे रुमित केमिसिंथ या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जण गेले, ५० हून अधिक जखमी झाले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. या रकमेशेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याच्या मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये होते. जाहीर झालेली मदत त्याच्या २० पट. सरकारला मदत स्वतंत्रपणे जाहीर करावी लागली, याचा अर्थ कायद्यातली ती रक्कम कुणीच पुरेशी मानत नव्हते.

कुंपणाबाहेरचे नुकसान किती असते, याचा सर्वांत स्पष्ट हिशेब डोंबिवलीत आहे. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. मृत १२, जखमी २१५. तहसील कार्यालयाने २,६६० मालमत्तांचे पंचनामे केले आणि नुकसानीचा आकडा सुमारे ७ कोटी ४३ लाख रुपये निघाला. एका मृत्यूमागे २२२ मालमत्ता. बातमीच्या मथळ्यात १२ राहतो आणि २,६६० तहसील कार्यालयाच्या फायलीत जातो, पण लोकांच्या विरोधाचे मूळ दुसऱ्या आकड्यात आहे.

७ कोटी ४३ लाखांना २,६६० ने भागले की मालमत्तेमागे सुमारे २७,९०० रुपये येतात. फुटलेल्या काचा, उखडलेल्या चौकटी, उडालेला पत्रा, भिंतीची भेग: पंचनाम्यातल्या अशा ओळींची ही बेरीज. १९९१ च्या कायद्यात खासगी मालमत्तेच्या नुकसानीची कमाल मर्यादा होती ६,००० रुपये. २०१६ मध्ये तीच लागू होती, म्हणजे सरासरी नुकसानीच्या २१ टक्के. उरलेले ७९ टक्के कुणी द्यायचे, हे ठरलेच नव्हते. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, किमान ११ जण गेले, ६० हून अधिक जखमी झाले. तेव्हाही २०१६ ची भरपाई हातात पडली नसल्याची रहिवाशांची तक्रार कायम होती. दोन स्फोटांत आठ वर्षांचे अंतर, आणि दुसऱ्या वेळीही काचा फुटल्या त्या आसपासच्या इमारतींच्याच.

डोंबिवलीत कारखानदारांचे म्हणणे असे की आम्ही १९६० च्या दशकात आलो, इमारती नंतर आमच्या भिंतीपर्यंत आल्या. काळाचा क्रम पाहता हे खोटे नाही. रहिवाशांचे म्हणणे असे की घराला परवानगी देणाऱ्याने पलीकडे काय आहे ते सांगितले नाही. तेही खोटे नाही. दोन्ही बाजू खऱ्या असतील तर दोष परवानगीच्या पद्धतीत शोधावा लागतो. राज्य सरकारने २०२२ मध्ये धोकादायक आणि अतिधोकादायक अशा १५६ कंपन्या पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय घेतला. दोन वर्षांनी अमुदानचा स्फोट डोंबिवलीतच झाला. वस्ती आणि कारखाना एकमेकांना भिडल्यावर त्यांना वेगळे करणे किती जड जाते, ते या दोन वर्षांतून दिसते. म्हणून विरोध करायचा तर तो नकाशावर रंग भरला जाण्याआधी.

बाजारभावाने या अंतराची किंमत कशी लावली, ते मुंबईत माहुलला दिसते. रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी ७२ इमारतींत १७,२०५ घरे बांधली गेली आणि प्रकल्पबाधितांना तिथे धाडण्यात आले. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत परिसरातल्या ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई लावली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे जायला नकार देणाऱ्या कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडे द्यायला सांगितले. २०२५ मध्ये महापालिकेने रिकामी पडलेली ९,०९८ घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. २२५ चौरस फुटांचे घर १२.६० लाखांना, म्हणजे चौरस फुटाला ५,६०० रुपये. मुंबईत हा दर ऐकून रांग लागायला हवी होती. अर्ज मोजकेच आले.

आता आकड्यांमधल्या विसंगतींकडे. १९८९ चे घातक रसायनांचे नियम साठ्यावर चालतात. क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आहे. तिथपासून आपत्कालीन आराखडा आणि आसपासच्या लोकांना माहिती देण्याचे बंधन सुरू होते. २५ टनांपासून सविस्तर सुरक्षा अहवाल लागतो. क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरला कामगार टनर म्हणतात, त्यात साधारण ९०० किलो वायू असतो. ११ टनर म्हणजे ९.९ टन. नियम लागू नाही. १२ टनर म्हणजे १०.८ टन. नियम लागू. अकराव्या आणि बाराव्या टनरच्या मध्ये शेजारच्या गावाचा माहितीचा हक्क उभा आहे, आणि गाव ५० मीटरवर आहे की ५ किलोमीटरवर याने त्यात काहीही बदलत नाही. मला या नियमातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते. टनांचा हिशेब ठेवला, मीटरचा सोडला.

अंतर मोजताच येत नाही असे मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनुसार नवा पेट्रोल पंप शाळा, रुग्णालय आणि वस्तीपासून ५० मीटर दूर हवा, अडचण असेल तरी ३० मीटरच्या आत नको. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींमुळे जळगाव जिल्ह्याला दारूगोळा परका नाही. संरक्षण कामांविषयीचा १९०३ चा कायदा अशा ठिकाणांभोवती २,००० यार्डांपर्यंत, म्हणजे १,८२९ मीटरपर्यंत बांधकामावर बंधन घालू देतो. पेट्रोलला अंतर आहे, दारूगोळ्यालाही आहे. रासायनिक कारखान्याच्या रिॲक्टरला मात्र फक्त साठ्याची यादी आहे. उलट महसूल कायद्यात आलेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी बिनशेतीची वाट सोपी केली. त्या २०० मीटरमध्ये शेजारच्या कारखान्यातून सुटलेला वायू पोहोचेल का, हा प्रश्न त्या कलमात नाही.

महामार्गालगतच्या गावात आज नेमके काय उभे राहते, त्यावर हिशेब करून पाहू. प्रत्येकी २० चौरस मीटरचे ५० गाळे, म्हणजे १,००० चौरस मीटर बांधकाम. पर्यावरण परवानगीची मर्यादा २०,००० चौरस मीटरपासून सुरू होते. ५० गाळे त्याच्या ५ टक्के. अर्थात परवानगीचा प्रश्नच येत नाही. बांधकाम २०,००० च्या वर गेले तरी जनसुनावणी होत नाही, कारण २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना तीतून वगळले आहे. रासायनिक प्रकल्पाच्या सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस लागते. गाळ्यांसाठी शून्य दिवस.

तेच ५० गाळे ब्रिटनमध्ये उभे करायचे म्हटले तर? तिथे मोठ्या धोक्याच्या प्रत्येक कारखान्याभोवती तीन पट्टे आखलेले असतात. आतल्या पट्ट्याच्या कडेला माणसाला धोकादायक मात्रा मिळण्याची शक्यता वर्षाला दहा लाखांत १०, मधल्याच्या कडेला १, बाहेरच्याच्या कडेला ०.३. इमारतींनाही चार पातळ्या आहेत. २५० ते ५,००० चौरस मीटरचे दुकान दुसऱ्या पातळीत येते. सुरक्षा यंत्रणेचा सल्ला आतल्या पट्ट्यात ‘नको’ असा असतो, मधल्या पट्ट्यात हरकत नसते. ५,००० च्या वर गेलेल्या बाजारसंकुलाला मधल्या पट्ट्यातही ‘नको’, मोठ्या शाळेला किंवा रुग्णालयाला बाहेरच्या पट्ट्यातही ‘नको’. कारखाना बंद करण्याची किंवा विकास थांबवण्याची घाई यात नाही. कुठे काय चालेल एवढेच ठरते, आणि तेही जमीन विकत घेण्याआधी कळते. फ्रान्सला हे शहाणपण उशिरा आले. २१ सप्टेंबर २००१ रोजी तुलूजच्या खत कारखान्यात स्फोट होऊन ३१ जण गेले. २००३ मध्ये कायदा झाला आणि कारखान्याभोवतीची घरे संपादित करण्याची तरतूद आली.

आपल्याकडे ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन वायू सुटला. १२ जण गेले. ते कारखान्यातले कामगार नव्हते, शेजारच्या वस्तीतले लोक होते. कारखाना १९६१ पासून तिथे होता, वस्ती पुढे त्याच्याभोवती दाटली. वाघाडीची आणि विशाखापट्टणमची मृतसंख्या जवळपास सारखी, पण कुंपणाची बाजू वेगळी.

सोनगीरसारख्या गावाच्या हातात काय आहे, तेही कायद्यातच पाहावे लागते. एमआयडीसीच्या अधिसूचित हद्दीत नियोजनाचा अधिकार एमआयडीसीकडे जातो, ग्रामपंचायतीकडे राहत नाही. त्यामुळे ग्रामसभेने केलेला विरोधाचा ठराव भावना नोंदवतो, परवानगी अडवत नाही. विकास आराखड्याच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या मसुद्यावर मुदतीत दिलेली लेखी हरकत मात्र नोंदवून घ्यावी लागते, आणि त्यात गट नंबर, अंतर व रसायनाचे नाव असेल तर ती टाळणे अवघड जाते. हरकतीसाठी लागणारी माहिती मागण्याची सोयही आहे. १९८९ च्या नियमांनुसार मर्यादेवरच्या प्रत्येक कारखान्याच्या बाहेरच्या परिसरासाठी जिल्हा प्रशासनाने आपत्कालीन आराखडा करायचा असतो आणि वर्षातून किमान एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची असते. आसपासच्या लोकांना धोका कोणता आणि इशारा मिळाल्यावर काय करायचे, हे कारखान्याने कळवायचे असते. देशात मोठ्या धोक्याचे १,८६१ कारखाने ३०१ जिल्ह्यांत नोंदलेले आहेत, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी सहा. एका जिल्ह्याला सहा तालमींचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणे जड नाही. महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या पाच किलोमीटरच्या आतल्या अशा कारखान्यांची यादी, त्या प्रत्येकातल्या रसायनाचा साठा टनांत, आणि शेवटच्या तालमीची तारीख. रेल्वेचे लक्ष्य २०२८-२९ आहे. प्लॉट आणि गाळे त्याआधी पडतील, म्हणून हे अर्ज याच वर्षी गेले पाहिजेत.