शंभर मिलिलिटर गोदावरी

नाशिकच्या गोदाघाटावर सकाळी आंघोळीची गर्दी असते, आणि त्या गर्दीतच नमुना घेणारा गुडघाभर पाण्यात उतरतो. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक केलेली असते. झाकणाची आतली बाजू बोटाला लागू न देता तो तिचं तोंड प्रवाहाकडे धरून ती पाण्याखाली नेतो आणि भरताना वर जरा हवा ठेवतो. पुढे नमुना हलवायला जागा लागते. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीत मात्र एक बुडबुडाही चालत नाही. तीत तिथेच, पायरीवर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडतात. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही.

"तीर्थ नेतोस का रे बाळा?" ओल्या लुगड्यातल्या आजींनी विचारलं.

"हो आजी, तपासायला."

आंघोळीच्या पाण्याचे केंद्रीय निकष तसे सुटसुटीत आहेत: लिटरमागे ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, फार तर ३, सामू ६.५ ते ८.५. खरी मेख विष्ठेतून येणाऱ्या कॉलिफॉर्म जंतूंची. ते १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, २,५०० च्या वर जाऊच नयेत. पाणी नितळ दिसतं म्हणून ते कमी असतील, असं नाही.

प्रयोगशाळेत लॅक्टोजच्या द्रावणाने भरलेल्या नळ्यांत एकेक बारकी नळी उलटी बुडवलेली असते. जंतूंनी लॅक्टोज आंबवलं की वायू सुटतो आणि उलट्या नळीत अडकतो. किती नळ्यांत वायू धरला, हे तक्त्याशी ताडून आकडा काढायचा. म्हणजे तो मोजलेला नसतो, संभाव्य असतो. वायू धरलेल्या नळ्यांतले जंतू पुन्हा ४४.५ अंशांवर वाढवून पाहतात. यात दोन-तीन दिवस सहज जातात, आणि बीओडीची बाटली तर २७ अंशांवर तीन दिवस ठेवावीच लागते.

तोवर त्या आजी घरी पोचून स्वयंपाकालाही लागलेल्या असतात. म्हणून मला आंघोळीच्या पाण्याबाबतचा युरोपीय संघाचा २००६ चा निर्देश शहाणपणाचा वाटतो. त्यात साधारण चार हंगामांच्या नोंदींवरून जागेचीच प्रतवारी ठरते, आणि ती पाण्याजवळ लोकांना दिसेल अशी लावावी लागते. आपल्याकडेही पहिल्या पावसात नाल्यांतली घाण नदीत उतरते, हे कळायला नळीतल्या बुडबुड्याची वाट कशाला पाहायची? त्या दिवसांपुरती पाटी तरी आधीच लावता येईल.