पाच गुंठ्यांच्या आतली घरं

नियम कोणाला लागतो?

डिसेंबर 2020 मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. नगरपंचायत असल्याने जालना जिल्ह्यातलं बदनापूरही तिच्या कक्षेत येतं. गावठाणाबाहेर 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम केलं, की पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करावीच लागते. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. तालुक्याच्या गावात नोकरदार, दुकानदार एक-दीड गुंठ्यात घर बांधतो. त्याला हा नियम लागतच नाही.

सवलत मोठ्या शहराची

याच नियमावलीत हरित, म्हणजे पर्यावरणपूरक बांधकामाचं मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव एफएसआय (जास्तीचं बांधकाम) मिळतो. पुण्यातल्या बिल्डरला तो मोलाचा. तळमजला बांधून वरचा मजला पोरांवर सोडणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

एका स्लॅबचं पाणी

हजार चौरस फुटांचा स्लॅब, वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी सुमारे 44 हजार लिटर पाणी हाती येतं. म्हणजे पाच हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर! 2012-13 चा दुष्काळ सोसलेल्या जालना जिल्ह्याला या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

काम साधं आहे. बोअरच्या केसिंगभोवती खड्डा घ्यायचा, केसिंगला छिद्रं पाडून जाळी गुंडाळायची, तळाला गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. गच्चीचा पाइप त्यात सोडायचा; पहिल्या एक-दोन पावसांचं धुळकट पाणी मात्र बाहेर काढून द्यायचं. वाळू दर उन्हाळ्यात धुवायला हवी, आणि घोडं नेमकं इथे अडतं. नियम लागणाऱ्या इमारतींनी देखभाल न केल्यास नियमावलीत दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणीची तरतूद आहे, पण त्यासाठी कोणीतरी दारात येऊन खड्डा पाहायला हवा.

भिंतींचं काय?

पाण्याइतकाच प्रश्न उकाड्याचा. माळवदाची, म्हणजे जाड भिंतींची आणि मातीच्या छपराची घरं उन्हाळ्यातही गार असत. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशीच जड घरं माणसांवर कोसळली. सळई-सिमेंटकडे वळलेल्या लोकांना दोष देता येणार नाही. निदान स्लॅबला चुन्याचा हात आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा तरी द्यावा.

सुरुवात कुठून?

सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या इमारतींना किमान हरित मानांकन नियमावलीनेच सक्तीचं केलं आहे. तिथे कसूर नको. आणि गुंठाभर जागेत घर बांधणाऱ्यांनो, नियमाची वाट पाहू नका; स्लॅब पडण्याआधीच गवंड्याला पाइपची जागा दाखवून ठेवा.