करवंटीचा कार्बन आणि माझा एक-तृतीयांश झालेला आकडा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी फक्त फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरतात. खाडी जवळच आहे. मे महिन्यात टीडीएस मीटर बुडवला की १,४०० च्या आसपास आकडा दिसतो. सेक्रेटरी काका एकदा म्हणाले, "तू पाण्यातलं मीठ काढायचंच शिकतेयस ना? मग हे पाणी गोड करून दे की." मी हसून टाळलं. पण त्या रात्री जे गणित मांडलं, ते तुम्ही विषय निवडायच्या आधीच मांडावं असं मला वाटतं.

आधी तत्त्व. माझा विषय कपॅसिटिव्ह डीआयनायझेशन, म्हणजे सीडीआय. सच्छिद्र कार्बनचे दोन इलेक्ट्रोड समोरासमोर ठेवायचे, मधून खारं पाणी सोडायचं आणि साधारण १.२ व्होल्ट द्यायचे. सोडियम ऋण बाजूला जातो, क्लोराइड धन बाजूला. दोघेही कार्बनच्या छिद्रांत, पृष्ठभागाला लागून विद्युत द्विस्तरात साठतात. इलेक्ट्रोड भरले की दोन्ही टोकं जोडून टाकायची. आयन बाहेर येतात, ते थोड्या पाण्यात धुऊन काढायचे, पुन्हा सुरू. आरओमध्ये आपण दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलतो आणि मीठ मागे ठेवतो. इथे उलट आहे. पाणी जागेवर, मीठ उचलायचं. कल्पना जुनी आहे, १९६० मध्ये ब्लेअर आणि मर्फी यांनी मांडलेली. व्होल्टेज वाढवून काम उरकता येत नाही, कारण १.२३ व्होल्टच्या पुढे खुद्द पाण्याचंच विघटन व्हायला लागतं.

आता गणित. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतो. आमचं १,४०० चं पाणी ४०० वर आणायचं तर लिटरमागे १ ग्रॅम मीठ काढायचं. चांगला अॅक्टिव्हेटेड कार्बन एका फेरीत ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच्या आसपास मीठ धरतो. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम कार्बन. जड आहे, पण फेऱ्या वाढवून जमवता येतं. १ ग्रॅम मिठाला किमान १,६५० कूलोंब लागतात, १.२ व्होल्टला गुणा, हजार लिटरचा हिशोब करा: साधारण ०.५५ युनिट वीज. प्रत्यक्षात जास्तच लागते, तरी ठीक.

हेच समुद्राच्या पाण्याला लावून बघा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे साडेतीन किलो कार्बन आणि हजार लिटरला १९ युनिट. डिस्चार्ज होताना त्यातली काही वीज परत मिळवता येते हे मान्य, पण आजचे समुद्राच्या पाण्याचे आरओ प्रकल्प तेच काम ३-४ युनिटांत करतात. मुंबई महापालिकेने मनोरीला आखलेला रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आरओचाच आहे, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत 'समुद्राचं पाणी गोड करण्यासाठी' असं लिहू नका. सीडीआयची जागा मचूळ पाण्यात आहे, लिटरला दोन-तीन ग्रॅमच्या आत. आपल्याकडे त्याचं खरं गाव म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा. तिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे.

आता कार्बन. मी नारळाची करवंटी वापरते. जाळून कोळसा करायचा, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर ८०० अंशांवर अॅक्टिव्हेट करायचा. वनस्पतींपासून कार्बन करण्याचं काम आपल्याच रेल्वेलाइनवर झालेलं आहे. कापरापासून फुलरीन बनवल्याचा आयआयटी मुंबईच्या प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाचा पेपर १९९४ चा, आणि पुढे त्यांचं काम कल्याणचं बिर्ला कॉलेज आणि अंबरनाथ इथे चाललं. कल्याणच्या पुढे संशोधन नसतं असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

बीईटी पृष्ठफळ १,४०० चौरस मीटर प्रति ग्रॅम आलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण बीईटी मोजतात नायट्रोजन वायूने, कोरड्या नमुन्यावर. नायट्रोजनचा रेणू ०.३६ नॅनोमीटरचा, तर पाण्याचं कवच घेऊन फिरणारा सोडियम ०.७ चा. नायट्रोजन शिरतो त्या प्रत्येक छिद्रात सोडियम शिरेलच असं नाही. त्यात इलेक्ट्रोड करताना पीव्हीडीएफ बाइंडर घालावा लागतो, तो काही छिद्रं बुजवतो आणि वर पाण्याला नको म्हणतो. तसंच फॅरड प्रति ग्रॅमचं. ते बहुतेक १ मोलर द्रावणात मोजतात. ५०० मिलिग्रॅमचं खारं पाणी म्हणजे जेमतेम ०.००८६ मोलर, शंभर पटींहून जास्त पातळ. शिवाय सगळा चार्ज मीठ धरण्यात जात नाही. छिद्रांत आधीपासून बसलेल्या उलट्या आयनांना हाकलण्यातही काही खर्च होतो.

आणि आता माझी चूक. पहिल्या मोजणीत ९.२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आलं. त्याच आठवड्यात एका परिषदेला अॅब्स्ट्रॅक्ट पाठवून मोकळी झाले. महिन्याभराने वही चाळताना दिसलं की मी भागाकार एकाच इलेक्ट्रोडच्या वजनाने केलाय. मीठ दोघे मिळून धरतात, भागायचं दोघांच्या वजनाने. झाले ४.६. मग फेऱ्या चालू ठेवल्या तर पाचव्या फेरीपासून आकडा ३.१ वर स्थिरावला. कारण सुरुवातीला मी शून्य व्होल्टवर पाणी फिरवून वाहकता स्थिर होऊच दिली नव्हती. कोरडा ताजा कार्बन वीज न देताही थोडं मीठ शोषतो, ते मी विजेच्या खात्यावर मांडलं होतं.

गाइडना सांगायला दोन दिवस लागले. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत वाक्यं जुळवत गेले. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आजच मेल कर." अॅब्स्ट्रॅक्ट मागे घेतलं. वर्षभराचं एकमेव प्रेझेंटेशन गेलं.

तेव्हापासून कुठलाही पेपर वाचताना मी आधी प्रयोगाचा भाग उघडते: वजन एका इलेक्ट्रोडचं की दोन्हींचं, आकडा कितव्या फेरीचा, द्रावण किती तीव्र, आणि पीएच दिलाय का. पीएच हलत असेल तर धन इलेक्ट्रोडचा कार्बन स्वतःच ऑक्सिडाइज होतोय अशी शंका घ्यायची. यातलं निम्मं बऱ्याच पेपरांत सापडत नाही.

गेल्या महिन्यात शेवटी सोसायटीचं बोअरचं पाणी सेलमध्ये घातलं. त्यात नुसतं मीठ नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. दुहेरी भाराचे आयन आधी जागा पटकावतात आणि सहज सुटत नाहीत. तिसाव्या फेरीपर्यंत क्षमता निम्म्याच्या खाली आली. सध्या धुताना दोन्ही टोकं नुसती न जोडता उलटं व्होल्टेज देऊन बघतेय. काकांना सांगितलंय, तूर्त गाड्याच धुवा.