स्पिटफायरची हनुवटी आणि तुमचा रिसर्च क्वेश्चन

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'सगळ्यात चांगलं काय?' माझाही तोच होता. इंजिनच्या एअर फिल्टरवर काम करायचं ठरलं तेव्हा मी वहीत लिहिलं, 'सगळ्यात बारीक धूळ अडवणारा फिल्टर कोणता?' या प्रश्नात गडबड कुठे आहे ते बघायला दुसऱ्या महायुद्धात जाऊ. फार लांब नाही हं, आपला सांताक्रूझचा विमानतळसुद्धा त्याच युद्धात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं. फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा भरणार. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर सुपरचार्जरचा दाब सोडूनही मिनिटाला साधारण ४० घनमीटर हवा लागते. अंधेरीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतली हवा मिनिटभरही पुरायची नाही! या हवेबरोबर वाळू आत गेली की ती तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी पिस्टन रिंग, सिलिंडर, बेअरिंग घासत सुटते.

म्हणून १९४२ मध्ये माल्टा आणि उत्तर आफ्रिकेत गेलेल्या स्पिटफायर-५ विमानांना नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर लावला. विमानाला जणू हनुवटीच फुटली. इंजिन वाचलं, पण दोन ठिकाणी किंमत मोजावी लागली. फिल्टरमधून हवा ओढताना दाब कमी होतो, म्हणून ताकद घटते. आणि त्या फुगवट्याने बाहेरचा हवेचा अडथळा वाढतो. वेग आणि चढण्याची क्षमता दोन्ही कमी झाल्या. समोर शत्रूचं वेगवान विमान असेल तर हा जिवाचा प्रश्न. मग इजिप्तमध्ये अबुकीर इथल्या हवाई दलाच्या वर्कशॉपने आटोपशीर फिल्टर बनवला.

पण खरी गंमत पुढे आहे. धूळ असते कुठे? जमिनीजवळ. टॅक्सी करताना, टेक-ऑफ आणि लँडिंगला. पुरेशा उंचीवर हवा बरीच स्वच्छ. म्हणून नंतरच्या स्पिटफायरमध्ये फिल्टर इंजिनच्या कव्हरमध्येच बसवला आणि पायलटच्या हाताशी एक लिव्हर दिला. धुळीत हवा फिल्टरमधून घ्यायची, वर गेल्यावर थेट. १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनला मिळालेलं स्पिटफायर-८ याच पिढीतलं.

बघा, इथे फिल्टरची जाळी आणखी बारीक करून प्रश्न सुटला नाही. 'किती बारीक?' याच्या जागी 'कधी?' विचारलं, तेव्हा सुटला.

आता तुमची पाळी. प्रपोजलमधलं 'सगळ्यात चांगलं' खोडा आणि तीन गोष्टी लिहा: कशापासून वाचवायचंय, कधी, आणि कशाच्या बदल्यात. तिसऱ्याचं उत्तर 'कशाच्याच नाही' असं आलं, तर अजून काहीतरी मोजायचं राहिलंय असं समजा. माझ्या वहीतही नेमका तोच रकाना रिकामा होता.